सैल शेपटीची गाडी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मामाच्या घरी घडलं. आणि रात्री-बेरात्री नाही... भर दुपारी, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, लख्ख उजेडात.

मामा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. जन्म गेला दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारण्यात. त्याची एकुलती एक लेक म्हणजे माझी मामेबहीण. तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. एका जागी बसेल तर शपथ!

बसायची ती फक्त तिच्या खोलीतल्या टेबलाशी. त्याला स्टिअरिंग बसवलेलं, खाली पेडल, समोर हा एवढा स्क्रीन. ऑफिसमधून आली की रेसिंग गेम. सुट्टीच्या दिवशी बापलेक दोघंही. आणि दोघांचं भांडण ठरलेलं.

भिंगरीला ओव्हरस्टिअरची गाडी लागायची. म्हणजे वळणावर मागची बाजू सुटते, शेपूट बाहेर झोकांडते, आणि झटक्यात उलटं स्टिअरिंग मारून ती सावरावी लागते. मामाला हवी अंडरस्टिअरची. स्टिअरिंग वळवलं तरी नाक जरा सरळच रेटत राहतं, पण वेग कमी केला की गाडी मुकाट्याने वळते. गरगरत नाही.

"बाबा, तुमची गाडी म्हणजे मालगाडी!"

"आणि तुझी म्हणजे उधळलेलं घोडं."

सेटिंगमध्ये त्यासाठी एक पट्टी होती. मामा ती एका टोकाला सरकवायचा, भिंगरी दुसऱ्या. मामी स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावर ओळखायची, आत कोण बसलंय ते.

मग तो अपघात झाला.

ऑफिसची टॅक्सी भिंगरीला घरी सोडत होती. रस्त्यावर तेल सांडलं होतं. वळणावर टॅक्सीची मागची बाजू घसरली, गाडी गरकन फिरली आणि भिंतीवर आदळली.

टॅक्सीवाला जागीच गेला.

भिंगरी वाचली. म्हणजे... श्वास चालू होता. डोळे उघडेनात.

डॉक्टर म्हणायचे, "वाट बघा." सकाळ-संध्याकाळ जरा वेळ आत सोडायचे. मधल्या वेळात मामा-मामी घरी यायचे आणि ताटावर नुसते बसून राहायचे.

अशाच एका दुपारी आतून आवाज आला.

टर्र... टर्र...

मामा खोलीत गेला. स्क्रीन चालू होता. खुर्ची रिकामी होती.

आणि स्टिअरिंग फिरत होतं... आपलं आपण.

स्क्रीनवर एकच वळण. गाडी वळणात शिरायची. शेपटी सुटायची. गाडी गरकन फिरून भिंतीवर. धाड!

पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच वळण. पुन्हा धाड.

तुम्ही-आम्ही पळालो असतो. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, इकडे ये! आपली भिंगरी आहे! त्या वळणावर अडकलीय पोर!"

मामी उंबऱ्यातच थांबली. डोळे मिटून ऐकत राहिली. बराच वेळ.

मग हळूच म्हणाली, "अहो... ही ती नाही."

"काय?"

"शेपटी सुटली की आपली लेक उलटं स्टिअरिंग मारते. खिदळते वर. हे हात... घाबरतायत."

"आजारी आहे ती! ताकद नाही तिच्यात!"

"वळणाच्या किती आधी ब्रेक लागतोय, ऐका. ती कधी मारते ब्रेक?"

"गप्प बस!"

आख्ख्या संसारात मामा तिच्यावर असा कधी ओरडला नव्हता. मामी मागे सरली. तो खुर्चीत बसला. स्टिअरिंगवर हात ठेवले.

ते गार होतं. आणि त्याच्या हातांखाली कुणाचेतरी हात होते... असं तो आजही सांगतो.

पट्टी भिंगरीच्या टोकाला होती, सैल शेपटीच्या. मामाने ती ओढून पार आपल्या टोकाला नेली.

"आता गाडी फिरणार नाही, बाळा. हळू घे. मी आहे ना... चल, माझ्याबरोबर वळ."

गाडी वळणात शिरली. नाक बाहेर जायला लागलं. भिंत जवळ आली. मामा रडत होता, देवाची आळवणी करत होता.

"वळ गं... वळ..."

आणि गाडी वळली.

स्टिअरिंग एकदम हलकं झालं. हातांखाली काहीच उरलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलचा.

"लगेच या. तिने डोळे उघडलेत."

भिंगरी घरी आली. चालू लागली, जेवू लागली. मामा तर हवेत होता.

फक्त... ती एका जागी बसायला लागली. तासन् तास. शेजारी गमतीने म्हणाले, "भिंगरी सुधारली की!"

मामी हसली नाही. कारण त्याच दिवशी सकाळी भिंगरी तिला म्हणाली होती, "तुम्ही बसा. पाणी मी आणते."

तुम्ही. जन्मापासून "ए आई" म्हणून हाका मारणारी पोर.

डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, वेळ लागतो. असेलही तसं.

शेवटी मामाच्याने राहवेना. त्याने तिला गेमसमोर बसवलं. पट्टी स्वतः सैल शेपटीकडे नेली. "घे, तुझं घोडं उधळ!"

तिने स्क्रीनकडे पाहिलं. पट्टी दुसऱ्या टोकाला सरकवली. आणि चालवायला लागली. शांतपणे, लवकर ब्रेक मारत, एकही चूक न करता.

प्रत्येक वळणाआधी तिचा हात स्टिअरिंगच्या मागे काहीतरी चाचपत होता. मामाने हजारो लोकांना शिकवलं होतं. त्याला लगेच कळलं.

ती इंडिकेटर शोधत होती.

भिंगरी खरी गाडी कधीच शिकली नव्हती. बापाने हात टेकले होते तिच्यापुढे.

मामाने हाक मारली, "भिंगरे...?"

ती वळली. अगदी नम्रपणे, अनोळखी माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "तुम्हाला कुठे सोडू?"

त्यानंतर मामाने शिकवायला जाणं सोडलं. रोज दुपारी तो ती पट्टी सैल शेपटीकडे नेतो, हात मांडीवर ठेवतो आणि त्या स्टिअरिंगकडे बघत बसतो. मामी दाराला कान लावून उभी असते.

स्टिअरिंग हलत नाही.

परवा मी गेलो तर त्याने माझा हात घट्ट धरला. "तू बसून बघ ना रे. तुझं आणि तिचं जमायचं. तुझ्यासाठी तरी येईल."

मी काहीतरी सबब सांगितली. बाहेर भिंगरी खुर्चीत बसली होती, हात गुडघ्यांवर, अगदी स्थिर. माझ्याकडे बघून ओळख नसल्यासारखी हसली.

चपला हातात घेऊनच मी जिना उतरलो. मामा मला पुन्हा बोलावणार. मला नाही म्हणवणार नाही. आणि मी बसलो, आणि ती खरंच आली...

तर आता तिने यायचं कुठे?