हारामागचा डोळा

जवळ सरका, मुलांनो, अगदी सतरंजीच्या काठापर्यंत या. एका लोखंडी हाताची आणि त्याच्यावर विसंबलेल्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. श्वास रोखून धरावा लागेल, पण मध्येच उठायचं नाही.

साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. खंडेनवमीची सुट्टी. सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांची पूजा झाली होती आणि कामगारांच्या घरच्यांना आत सोडलं होतं. बारा वर्षांची चांगुणा गर्दीतून वाट काढत थेट पैलवानापाशी पोचली. पैलवान म्हणजे यंत्रमानव. पण त्याला ना डोकं, ना पाय. पुरुषभर उंचीचा नुसता एक लोखंडी हात. वीस किलोचा ठोकळा उचलायचा, वळायचा, मेजावर आणून ठेवायचा. सुट्टी असली, तरी पाहुण्यांना दाखवायला तो आज चालूच ठेवला होता. चांगुणाचे वडील सहादू गेली दोन वर्षं त्याच्याच जोडीला काम करत.

"हा जेवतो काय गं?" गोटीरामनं विचारलं. हा तिचा मावसभाऊ, निफाडहून सुट्टीला आलेला.

"वीज."

"मजा आहे. याला कारल्याची भाजी तरी खावी लागत नाही."

इंदिरा खुदकन हसली. ती मॅनेजर वेणीमाधव यांची मुलगी, चांगुणाच्याच वर्गातली. चांगुणा मात्र हसली नाही. मेजापुढच्या दोन खांबांकडे ती टक लावून बघत होती. एका खांबात दिवा, समोरच्या खांबात काचेचा डोळा. मध्ये काहीही आडवं आलं, की पैलवान जागच्या जागी थांबतो, असं दादांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला कितीदा तरी सांगितलं होतं. आज त्या खांबाला झेंडूचा जाडजूड हार घातला होता, आणि हाराचं टोक नेमकं डोळ्यावर लोंबत होतं.

"गोट्या, डोळा झाकलाय ना रे?"

"पार झाकलाय."

"मग हा थांबत का नाही?"

तिघंही पुन्हा बघू लागली. पैलवान वळला, ठोकळा मेजावर टेकवला, पुन्हा मागे वळला.

"मी बाबांना सांगते," म्हणत इंदिरा पळाली. पण वेणीमाधव पाहुण्यांच्या घोळक्यात होते. "इंदे, चुकतो तो माणूस, मशीन नाही," ते म्हणाले. "मध्ये बोलू नकोस. आता सहादूचा नमस्कार बघायचाय."

सहादूचा नमस्कार! ते शब्द चांगुणाच्या कानी पडले. गेल्या खंडेनवमीला दादांनी चालू पैलवानापुढे वाकून मेजावर डोकं टेकवलं होतं, आणि तो वरच्या वर थांबला होता.

सहादू पैलवानाभोवतीच्या कठड्याच्या आत शिरलेच होते.

"दादा, नका वाकू! त्याचा डोळा झाकलाय."

सहादू हसले. "घाबरतीस व्हय? दोन वरसं झाली, ह्यानं मला बोट लावलं नाय. लय इमानी गडी हाय."

"पण दादा, आज तो थांबत नाहीये. आम्ही बघितलं."

"मला बघून थांबंल की."

त्यांनी हात जोडले आणि ते मेजावर वाकू लागले. मागे पैलवानानं ठोकळा उचलला. आत धावावं, तर कठडा आडवा. सांगून तर झालं होतं. आता दाखवायलाच हवं. शेजारच्या स्टुलावर पूजेचं ताट होतं. चांगुणानं त्यातला नारळ उचलला आणि नेम धरून मेजावर भिरकावला.

नारळ गडगडत नेमका सहादूंच्या कपाळाखाली आला. ते दचकून मागे सरले. "पोरी, हे काय..."

कडाड्!

ठोकळा खाली आला होता. सहादूंच्या तोंडावर नारळाचं पाणी उडालं. पैलवान काहीच न घडल्यासारखा मागे वळला, पुढचा ठोकळा उचलायला.

वेणीमाधव धावले आणि त्यांनी लाल बटण दाबून पैलवान थांबवला. हाराकडे बोट दाखवत ते म्हणाले, "हारामुळे सकाळपासून मशीन सारखं अडत होतं. पूजेचा हार त्याच दिवशी कसा काढायचा? म्हणून डोळाच बंद करायला सांगितला. मीच. आजच्यापुरता. सहादूचा नमस्कार त्या डोळ्याच्याच भरवशावर असतो, हे ध्यानातच आलं नाही."

अरे, हार बोटभर सरकवला म्हणून देव का रुसतो? भक्ताचं डोकं फुटलेलं त्याला चाललं असतं का?

"मला सांगितलं नाय, साहेब," सहादू एवढंच म्हणाले.

वेणीमाधवांनी सर्वांदेखत त्यांच्यापुढे हात जोडले. मग तिन्ही मुलांना जवळ घेऊन म्हणाले, "आम्ही सगळे मशीनवर भरवसा टाकून बसलो. तुम्ही त्याच्याकडे नीट बघितलंत. चांगुणा, तुझ्यामुळे आज एका घरावरचं संकट टळलं. यापुढे हा डोळा बंद करायचा झाला, तर आधी सहादूला विचारायचं."

"आणि नेम कसला गं तुझा," गोटीराम म्हणाला. "आमच्या बागेत चल, पाखरं हाकायला."

घरी जाताना चांगुणानं हळूच विचारलं, "दादा, परवापासून त्याच्याजवळ उभे राहाल?"

"ऱ्हाईन की. त्याची काय चूक? पण रोज कामाआधी रुमाल आडवा धरून बघीन. थांबला, तरच हात घालीन."

मुलांनो, उद्या तुमच्याही हाती बटणं येतील. त्यातलं एखादं आजच्यापुरतं बंद करावंसं वाटलं, तर हात जोडून मेजावर वाकणाऱ्या सहादूंची आठवण ठेवा.