दुसऱ्यांदा विचार ना

तो पहिल्यांदा भेटला तेव्हा मी त्याला 'नको' म्हणाले, आणि तो खरंच निघून गेला.

संक्रांतीचा कार्यक्रम नुकताच संपला होता. कॅनडातल्या विनिपेगच्या मराठी मंडळानं कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतला होता. आत काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, तिळगुळाचा खमंग वास... आणि बाहेर उणे अठ्ठावीस. साडीच्या आत थर्मल, साडीवर गुडघ्यापर्यंतचं जॅकेट आणि खाली स्नो बूट अशा अवतारात मी बस स्टॉपवर उभी होते. श्वास सोडला की स्कार्फवरच गोठत होता. तेवढ्यात एक निळी गाडी समोर थांबली आणि काच अर्धी खाली आली. आत तोच मुलगा होता, जो मघाशी हॉलमध्ये खुर्च्या मिटून रचत होता. माझ्याकडे दोनदा बघून तिसऱ्यांदा बघायचं त्यानं टाळलं होतं, तोच.

"लिफ्ट हवी आहे का?"

गाडीतल्या उबेचा एक झोत माझ्या गालाला लागला. जीव नुसता हावरटासारखा तिकडे धावला. पण अमरावतीच्या मुलीनं पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं नसतं. मी गोड हसले.

"नको नको... बस येईलच आता."

"ओके. टेक केअर."

काच वर. गाडी पुढे. मागचे लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले.

मी बघतच राहिले. माझ्या हिशेबानं बोलणं अजून संपलंच नव्हतं. माझं 'नको' झालं होतं, आता त्याचं 'अहो बसा हो, किती थंडी आहे' यायला हवं होतं. मग माझं 'तुम्हाला उगाच त्रास', मग त्याचं 'त्रास कसला', आणि मग मी ऐटीत गाडीत बसणार होते. एवढंसं तर नाटक! पण माझ्या पहिल्याच वाक्यावर पडदा पाडून हा नट घरी गेला होता.

बस आली तेव्हा माझ्या पापण्या एकमेकींना चिकटत होत्या.

त्याच कार्यक्रमात मला लताकाकू भेटल्या होत्या. मुलगी एकटी बेसमेंटमध्ये राहते, इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, हा तिचा इथला पहिलाच हिवाळा आहे — एवढं कळल्याबरोबर त्यांनी रविवारी जेवायला बोलावलं. मी नको म्हणाले, त्यांनी पुन्हा बोलावलं. मी परत नको म्हणाले, तर त्यांनी सरळ फोनवर पत्ताच पाठवला. मला फार फार बरं वाटलं. घरचं माणूस भेटल्यासारखं.

रविवारी त्यांचं दार वाजवलं... आणि दार उघडलं ते निळ्या गाडीवाल्यानं.

"मिळाली ना बस त्या दिवशी?" त्यानं इतक्या मनापासून विचारलं की मला धड चिडताही येईना.

निमिष त्याचं नाव. काकूंचा एकुलता एक. काकू आत तव्याशी उभ्या होत्या, त्यामुळे वाढायचं काम त्याच्याकडे होतं. गुळाची पोळी, वर साजूक तूप. पहिली पोळी कधी संपली मला कळलंच नाही.

"अजून एक?"

"नको... पोट भरलं."

"शुअर," म्हणत त्यानं ती पोळी स्वतःच्या ताटात घेतली, तिच्यावर तुपाची धार सोडली आणि माझ्या डोळ्यांदेखत, चवीचवीनं खाल्ली. मी रिकाम्या ताटातली कोरड्या चटणीचे कण बोटानं गोळा करत बसले. तेवढ्यात काकू बाहेर आल्या.

"अरे, हिच्या पानात काहीच कसं नाही?"

"ती नको म्हणाली."

"म्हणून तू ऐकलंस? बैलोबा कुठला."

त्यानं एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, पण हसू काही केल्या दाबता येईना. पुढच्या दोन पोळ्या काकूंनी मला न विचारता वाढल्या.

जेवणं झाल्यावर तो भांडी विसळत होता, मी पुसत होते. तेव्हा त्यानं हा सगळा प्रकार नीट समजून घेतला. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे पाहुणा ताटावर दोन्ही हात आडवे धरतो आणि तरीही वाढणारी बोटांच्या फटीतून वरण ओतते. न ओतणाऱ्या घराची पुढे गावभर चर्चा होते. मग त्यानं त्याची गोष्ट सांगितली. नऊ वर्षांचा असताना तो ठाण्याहून इथं आला. शाळेतल्या मित्राच्या वाढदिवसाला मित्राच्या आईनं विचारलं, आणखी केक हवा का? आईनं घरून पढवून पाठवलेलं, म्हणून तो नो थँक यू म्हणाला आणि वाट बघत बसला. केक फ्रिजमध्ये गेला. चॉकलेटचा होता. तेव्हापासून त्यानं ठरवून टाकलं, हवं तर हवं, नको तर नको.

"मग तुमच्याकडे खरंच नको असेल तर काय म्हणतात?"

"नको."

"आणि हवं असेल तर?"

"नकोच."

"मग समोरच्यानं ओळखायचं कसं?"

"डोळ्यांत बघून."

त्यानं बघितलं. नळ चालूच राहिला...

"आत्ता काय दिसतंय?" मी कसंबसं विचारलं.

"अजून एक पोळी हवी आहे, असं."

ते काही अगदीच खोटं नव्हतं.

त्यानंतर आमचं भांडण सुरू झालं. गोड भांडण, आठवड्यातून तीन-तीनदा होणारं. मी म्हणायची, इथले पाहुणे बाय म्हणतात आणि खरंच जातात. आमच्याकडे निरोप घेतल्यावर दारात उभं राहून खऱ्या गप्पा सुरू होतात. तो म्हणायचा, इथं बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला थँक यू म्हणतो, अमरावतीत कोणी म्हणतं का? मी म्हणायची, इथं मी एका माणसाच्या पायावर पाय दिला तर तोच मला सॉरी म्हणाला, ही काय पद्धत झाली? एकदा सकाळी उठून बघते तर माझ्या दारापुढचा बर्फ कुणीतरी फावड्यानं काढून गेलेलं. शेजारचे म्हातारे आजोबा निघाले. विचारलं नाही, सांगितलं नाही. मी निमिषला फोन करून म्हणाले, बघ, हा आग्रहच आहे, फक्त मुका.

"तुला कळायला लागलंय हं कॅनडा," तो म्हणाला. त्या आवाजात काहीतरी होतं... दिवसभर कानाशी रेंगाळलं.

फेब्रुवारीत तो मला गोठलेल्या नदीवर स्केटिंगला घेऊन गेला. नदी म्हणजे पांढरा रस्ता झालेला. पोरंटोरं सुळसुळ करत पुढे जात होती. मी गाईच्या नव्या वासरासारखी, पाय फाकून उभी.

"हात धरू?" त्यानं विचारलं.

"नको, जमेल मला."

तो बाजूला झाला. मी पडले. चांगली आपटले, टोपी एकीकडे, मी एकीकडे. तो शेजारी उकिडवा बसला, माझ्या केसांतला बर्फ झटकायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"दुसऱ्यांदा विचारतोय," तो म्हणाला. "आईनं सांगितलंय, विचारायचं असतं."

मी मिटनचा जाड हातमोजा घातलेला हात त्याच्या हातात दिला. दोन जाड मिटनांच्या आतून खरं तर काहीच कळत नाही. मला सगळं कळलं.

मग मार्चमध्ये ऑफिसनं मला व्हॅंकूव्हरजवळच्या कोक्विटलामची जागा देऊ केली. टीम लीड. ज्यासाठी मी घर सोडून इतक्या लांब आले होते, अगदी तेच. मी हो म्हणून टाकलं, आणि संध्याकाळी कॉफीच्या दुकानात निमिषला सांगितलं. सांगताना त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. वाटलं, म्हणेल... एकदा तरी म्हणेल, जाऊ नकोस. मी गेलेच असते, तरीही. पण म्हणायला काय जातं?

"कॉंग्रॅट्स," तो म्हणाला. त्याची कॉफी तशीच निवत होती. "तुला हवं होतं ना हे. मग तू जायलाच हवं."

मी मान हलवली. घरी येऊन खूप रडले. माझं उत्तर माझं, ही त्याची रीत. त्या क्षणी मला ती रीत बर्फाहून गार वाटली.

पाडव्याच्या दुपारी तो आला. माझं सामान खोक्यांत भरून झालं होतं. काकूंनी श्रीखंडाचा डबा दिला होता. तो त्यानं एका खोक्यावर ठेवला आणि जॅकेट न काढताच, दारापाशी उभ्या उभ्या बोलायला लागला. बोलता बोलता टोपी हातात पिळत होता.

"आमच्या कंपनीचं एक ऑफिस व्हॅंकूव्हरला आहे. मी ट्रान्सफरसाठी विचारून ठेवलंय. म्हणजे... आई-बाबांशी पण बोललोय. गौरांगी, मी येऊ का तिकडे? तू आहेस म्हणून?"

मला लगेच हो म्हणायचं होतं. आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून, वर्षानुवर्षं जिभेला लागलेल्या वळणानं, बाहेर पडलं —

"छे, नको... माझ्यासाठी कशाला उगाच? काकू-काका इथं, तुझे सगळे मित्र इथं..."

तो हळूच म्हणाला, "ओके."

दार लागलं. मी जागच्या जागी थिजले. बस स्टॉपवरची ती संध्याकाळ आठवली, लाल दिवे आठवले. हवं असेल तर नकोच, हे त्याला मीच शिकवलं होतं. पण डोळ्यांत बघून ओळखायचं, असंही सांगितलं होतं — आणि आत्ता बोलताना मी खोक्याकडे बघत होते.

बेसमेंटच्या खिडकीतून माणसं फक्त घोट्यापर्यंत दिसतात. त्याचे तपकिरी बूट वितळत्या बर्फातून पचपच करत गाडीकडे चालले होते. गाडीपाशी थांबले. बराच वेळ नुसते उभे राहिले.

यावेळी मी वाट बघितली नाही. मोज्यांवरच जिना चढले, दार ढकललं आणि बाहेर त्या बर्फाच्या गार चिखलात पाय टाकला. तो वळून परत येत होता. आम्ही मधोमध, शेजारच्या आजोबांनी साफ केलेल्या वाटेवर समोरासमोर आलो.

"मी दुसऱ्यांदा..." त्यानं सुरुवात केली.

"हो."

"अजून विचारलं नाही मी."

"हो," मी म्हणाले. यावेळी थेट त्याच्या डोळ्यांत बघत. "ये. मला हवा आहेस तू तिथं. अगदी पहिल्यांदाच सांगतेय, नीट ऐकून ठेव."

त्यानं ऐकलं. त्याच्या पापण्यांवर भुरभुरत्या बर्फाचे दोन कण येऊन बसले होते आणि तो मिटमिट न करता बघत राहिला. मग त्याचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. मोजे भिजून चिंब झाले होते. त्यानं काही न विचारता स्वतःचा मफलर काढून माझ्या गळ्यात गुंडाळला, जणू पाय गळ्यालाच असतात.

"आत चल," मी म्हणाले. "चहा टाकते. घेशील ना?"

"नको," तो म्हणाला.

मी दचकून वर पाहिलं. तो जागचा हलला नव्हता. दोन्ही हात पाठीमागे बांधून, चेहरा अगदी भिडस्त पाहुण्यासारखा करून उभा होता... आणि वाट बघत होता.

"अरे, घे रे थोडासा," मी म्हणाले.