पत्र्याची चंद्रकोर

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशीच त्या वर्षी कारखान्याच्या नाट्यमंडळाची गत होती. साल बहात्तर. पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, कोपरगावाजवळ गोदावरीत नुसती वाळू होती आणि ऊस उभ्या जागी वाळत होता. तरी दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी वसाहतीतल्या बायकापोरांसाठी संगीत नाटक झालंच पाहिजे, असं वरून आलं. लोकांचं मन रमलं पाहिजे म्हणे. ते रमवायचं काम दरवर्षीप्रमाणे आप्पासाहेबांच्या गळ्यात पडलं.

आप्पासाहेब कारखान्याच्या लॅबोरेटरीत केमिस्ट होते. दिवसभर काचेच्या नळ्यांतून रस तपासायचा आणि संध्याकाळी रिकाम्या गोदामात तालमी घ्यायच्या. गोदामात मळीचा आंबूस वास, पत्र्यावर दिवसभराचा उकाडा. पूर्वी ते तालमीला पदं गुणगुणत जायचे. आता कुलूप काढतानाच, घरी कधी जातो असं व्हायचं. पन्नाशी आली होती, पाय दुखायचे.

नाटक त्यांनीच रचलेलं, घरगुती आणि गोड. नायिकेचा भाऊ लहानपणी जत्रेत हरवलेला असतो. भाऊबीजेला ती अंगणात येऊन चंद्राला ओवाळते, पद म्हणते, आणि पदाच्या शेवटच्या ओळीला भाऊ दारात उभा. नायिका होती बालवाडीची बाई रतन. तिचा गळा असा, की ऐकणाऱ्यानं हातातलं काम खाली ठेवावं. भाऊ झाला होता पुंजाराम, काट्यावर उसाच्या गाड्या मोजणारा. चंद्र म्हणजे तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली बिजेची कोर आणि मागे एक बल्ब.

शेवटचा प्रवेश वाचून झाला आणि रतननं हा प्रवेश करणार नाही म्हणून सांगितलं.

कारण आप्पासाहेबांना ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ गोरक्ष दोन वर्षांपूर्वी घोडेगावच्या बाजारातून एका व्यापाऱ्याची जनावरं हाकत मराठवाड्याकडे गेला, तो परतलाच नाही. आहे की गेला, काही पत्ता नाही. याच मंडळात तो ढोलकी वाजवायचा. तेव्हापासून दर भाऊबीजेला रतन रिकाम्या पाटावर सुपारी ठेवून तिला ओवाळायची आणि संध्याकाळची एसटी आली की दारात येऊन उभी राहायची.

"ज्यास्नी भाऊ नसतो त्या चंद्राला ववाळत्यात," ती म्हणाली. "मला हाय. मी चंद्राला ववाळलं, म्हंजी तो न्हाई असं मीच म्हनल्यासारकं व्हईल."

आप्पासाहेबांनी तिची समजूत घातली. तो पत्रा आहे, मागे बल्ब आहे, आणि नाटकातली बाई वेगळी, तू वेगळी. खरं कारण एवढंच, की तिच्याशिवाय गाणारं कुणी नव्हतं. बालवाडीतली नोकरी तिला त्यांच्याच शब्दावर मिळाली होती, हेही दोघांना माहीत होतं. शेवटी ती कबूल झाली. अट एकच घातली, तालमीत निरांजन पेटवायचं नाही.

पहिल्या तालमीला तिनं न पेटवलेल्या निरांजनाचं ताट चंद्रासमोर ओवाळलं. आवाज कापत होता. नवा ढोलकीवाला सारखा मागे पडत होता. तालीम सुटल्यावर आप्पासाहेब पुंजारामला म्हणाले, आज गोरक्ष हवा होता.

"कोन गोरक्ष?" पुंजाराम म्हणाला.

हा पुंजाराम गोरक्षचा जिवलग मित्र. एका सायकलवर दोघं सगळा तालुका फिरलेले. त्याच्या तोंडावर थट्टेचं काही चिन्ह नव्हतं. रात्रपाळी करून आलाय, झोपेत बोलतोय, अशी आप्पासाहेबांनी मनाची समजूत काढली. पुढच्या तालमीला पेटीवाल्यानंही तेच विचारलं.

रविवारी ते नायिकेसाठी जुनं लुगडं मागायला रतनच्या घरी गेले. रतन बाहेर गेली होती. तिची आई बनुबाई एका निळ्या सदऱ्यानं चुलीवरचं पातेलं उतरवत होती. तो सदरा दोन वर्षं खुंटीला टांगलेला आप्पासाहेबांनी पाहिला होता. म्हातारी त्याला कुणाला हात लावू द्यायची नाही.

"सदरा उतरवला?" त्यांनी विचारलं.

"कवाचा खुंटीला लोंबत हुता," बनुबाई म्हणाली. "कुनी पाव्हना इसरून गेला आसंल. म्हनलं, फडकं तरी व्हईल."

आप्पासाहेब लुगडं न घेताच घरी आले. 

इकडे रतनचं गाणं मात्र दिवसेंदिवस मोकळं होत चाललं. कंप गेला, तान सहज सुटू लागली. एसटीचा हॉर्न वाजला तरी ती मान वळवेना. त्यांनी मुद्दाम विचारलं, गोरक्षचं काही कळलं का? ती जरा वेळ कपाळाला आठ्या घालून उभी राहिली. दूरच्या नात्यातल्या कुणाचं नाव निघावं, तसं मग "न्हाई आजून" म्हणाली आणि पदर खोचून तालमीला लागली.

प्रवेश काढून टाकायला हवा होता. हे त्यांना कळत होतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते तेवढ्यासाठी संहिता घेऊन बसलेही. पण तो प्रवेश काढला तर नाटकात राहतं काय? गोदामात रंगमंच उभा राहिला होता, कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या घरून पाहुणे येणार होते, पाय ठणकत होते. हे सगळे आपल्या मनाचे खेळ आहेत म्हणत त्यांनी संहिता मिटली. लोक विसरतात, दुष्काळात तर जास्तच.

पाडव्याला गोदाम गच्च भरलं. शेवटच्या प्रवेशाला निरांजन प्रथमच पेटलं. रतननं पत्र्याच्या कोरीकडे ताट धरलं आणि पद सुरू केलं. दारं बंद होती, वाऱ्याची झुळूक नव्हती. तरी ज्योत चंद्राकडे कलली आणि पद संपेपर्यंत तशीच राहिली. बायका डोळे पुसत होत्या. पुंजाराम आला, पडदा पडला, टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आप्पासाहेबांची बायको माहेरी गेली होती. ते एकटेच ओट्यावर बसलेले असताना रतन आली. हातात झाकलेलं ताट होतं.

"सुपारीला ओवाळून आलीस का?" त्यांनी विचारलं.

"सुपारीला कशापायी?" ती हसली. "मला भाऊ न्हाई, तुमाला बहीन न्हाई. म्हनलं, तुमालाच ववाळावं. बसता का पाटावर?"

दोन वर्षांत तिचा चेहरा इतका निवांत त्यांनी पाहिला नव्हता. रात्रभर गाढ झोप लागल्यासारखा.

तो पोरगा आता सगळ्या जगात आपल्या एकट्याच्याच डोक्यात उरलाय, हे त्यांना लख्ख कळलं. नाव उच्चारायचा अवकाश होता. पण नावामागून रतनचं ते दारात उभं राहणंही परत आलं असतं. आणि ते फार थकले होते.

ओवाळणं होऊ दे, मग सांगू.

त्यांनी टोपी घातली आणि पाटावर बसले. तिनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या.

निरांजन पहिल्यांदा फिरलं, तेव्हा त्यांना ढोलकीवर वाकलेलं एक डोकं स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्यांदा फिरलं, तेव्हा नुसतं नाव होतं.

तिसऱ्यांदा फिरलं. पाय दुखायचे थांबले होते.

"रतन," ते म्हणाले, "मी तुला काही सांगणार होतो का गं?"

"न्हाई, दादा," ती म्हणाली आणि तिनं करंजीचा तुकडा त्यांच्या तोंडात घातला.