पालथी डिश

टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा टीव्ही बंद असायचाच, त्यात नवल ते काय! पण अंथरुणाला खिळलेल्या बाबांची अन्नावरची वासनाच उडाली होती. आठ दिवस पोटात कण नाही. पूर्वी समोर चित्र हललं की ते घास घ्यायचे, म्हणून मेकॅनिकने भंगारवाल्याकडून एक जुनी डिश उचलली.

"कुणाची होती रे?"

"कुणाची कसली! कुठल्याशा टाकीवर झाकण म्हणून पडून होती. पालथी. वर्षानुवर्षं," भंगारवाला म्हणाला आणि हात पँटला पुसत राहिला.

कंपनीचं लेबल खरवडलेलं. अशा वेळी डिश कुठल्या जातीची हे ओळखायची एकच रीत असते. रुंदी आणि खोली मोजायची, आणि सिग्नल नेमका कुठे गोळा होतो ते काढायचं. भर दुपारी गच्चीवर त्याने काठांवर दोरा ताणला, मधोमध पट्टी टेकवली. पट्टी रुतली. आत बोटभर पिवळट थर होता, सायीसारखा सुरकुतलेला, आणि त्यात केस. वास तर असा, की कुणीतरी तोंडाशी येऊन ढेकर द्यावी. शी! सोडा, गरम पाणी, तारेची घासणी... थर निघाला, पण हातांचा बुळबुळीतपणा जाईना.

डिश चांगलीच खोल होती. सिग्नल घेणारा डबा काठाच्या आतच बसला. वायर खाली बाबांच्या खोलीत सोडून त्याने सगळं आभाळ धुंडाळलं. सिग्नल मिळाला की वाजणारा मीटर मुकाच. वैतागून नट सैल केला, तशी डिश दांड्यावरून निसटली आणि गच्चीवर पालथी पडली.

मीटर किंचाळू लागला.

"अहो, आलं!" खालून बायको ओरडली.

तो धावत खाली आला. पडद्यावर ओली, गोल भिंत होती. तळाच्या अंधारात दात नसलेलं एक तोंड सावकाश चावत होतं. बाबा त्याच्याकडे टक लावून, त्याच लयीत चावत होते. हनुवटीवरून लाळ ओघळत होती.

"कसला मेला घाणेरडा कार्यक्रम! पण बघा तरी, अख्खं केळं खाल्लं बाबांनी." तिचे डोळे भरून आले. "बंद नका करू हं..."

तो पुन्हा गच्चीवर गेला. डिशचा काठ उचलला. फरशीवर चावलेल्या केळ्याचा गोळा पडला होता, लाळेने चकाकणारा. त्याने बोट लावलं. गरम होता.

म्हणजे बाबांच्या पोटात काहीच जात नव्हतं.

खालून बाबांचा हंबरडा ऐकू आला. त्याच्या हातून काठ सुटला, आणि हंबरडा थांबला. तो कठड्याशी जाऊन भडाभडा ओकला.

"अहो!" बायकोचा आवाज आनंदाने फुलला होता. "दुसरंही संपवलं! आता तर मी भरवतही नाहीये... तरी चावतायत."

"काय चावतायत?"

"दिसत नाही हो... तोंडच उघडत नाहीयेत."

त्याने पुन्हा काठ उचलला. आता तिथे तीन गोळे होते. तिसरा लाल होता, केळ्याचा नव्हता.