पूर्वश्रद्धांजली

सारणपूर शहराच्या वेशीवर, नदीच्या अलीकडे, पूर्वी जकात नाका होता. शहरात कोणता माल शिरतो हे तिथे तपासलं जाई. पुढे जकात गेली, इमारत उरली, आणि शासनाने तिथे लोकसंवाद प्रयोगशाळा थाटली. आता शहरात कोणता मजकूर शिरतो हे तिथे तपासलं जाऊ लागलं. मालाच्या बाबतीत निदान ट्रक अडवता तरी येत असे.

त्या सकाळी डॉ. शाल्मली खरवंडीकर प्रयोगशाळेत शिरली तेव्हा तिचा सहकारी हेरंब नाईकवडी खुर्चीतून उठून उभा राहिला. हेरंब गणितज्ञ होता आणि आजवर सचिवांसाठीही उठला नव्हता.

"बस," तो म्हणाला. "पाणी घेतेस?"

"काय झालंय?"

"तू मोबाइल बघितला नाहीस का?"

"गाडी चालवत होते. हेरंब, काय झालंय ते सांग."

त्याने स्वतःचा मोबाइल तिच्या हातात दिला. 'आपलं सारणपूर' या गटावर हेरंबच्याच नावाने संदेश होता : 'आजच्या दुर्दैवी घटनेत आपणा सर्वांचे लाडके खरवंडीकर सर आपल्यातून निघून गेले. भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याच्या वर तोच मजकूर, खाली तोच मजकूर, आणि मधून मधून जोडलेले हात.

शाल्मलीने उभ्या उभ्याच घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. मग पलीकडून आवाज आला.

"कोण गेलं म्हणे?"

"बाबा! तुम्ही बरे आहात ना?"

"मी बरा आहे. माझी अब्रू गेली. इथे लिहिलंय, 'मनमिळाऊ स्वभावाचे सर'. कोणी लिहिलंय? त्या पाठकाने! शाळेत त्याला मी बाकावर उभा करत असे. आणि 'अजातशत्रू' कोण म्हणतंय बघ. अगं, अर्धं गाव मला पाहून रस्ता बदलतं. त्यासाठी जन्मभर मेहनत घेतली आहे मी."

"हसण्यावारी नेऊ नका."

"हसत नाहीये." भालचंद्र खरवंडीकरांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं होतं, आणि निरीक्षण सांगताना त्यांचा आवाज सपाट होई. "सकाळी दूधवाला आला. मी पातेलं घेऊन दारात उभा. त्याने मोबाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, डोळे मिटून नमस्कार केला आणि दूध न घालता गेला."

"दार लावून घरात बसा. मी बघते."

"आणि ही दुर्दैवी घटना कोणती, ते पण बघ. ज्यात मी मेलो ती घटना मला माहीत असायला हवी."

फोन ठेवल्यावर तिने हेरंबकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. "मी नाही लिहिलं. प्रतिसादकाने लिहिलं."

हे वेगळं सांगायची गरज नव्हती. सारणपुरात स्वतः लिहिणारं आता कोण होतं? सोसायटीचा गट, शाळेचा गट, भावकीचा गट, गुडघेदुखीवाल्यांचा गट. शुभेच्छा, अभिनंदन आणि सांत्वन हे पूर्णवेळ काम होऊन बसलं, तेव्हा ते करायला प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये प्रतिसादक आला. मालकाचे जुने संदेश वाचून, मालक काय लिहील ते तो आधीच लिहून टाकी. सुरुवातीला प्रसंग घडल्यानंतर. पण गटात मान पहिल्याला मिळतो. म्हणून प्रतिसादक घाई करायला शिकले, आणि घाई करता करता एक दिवस प्रसंगाच्या पुढे निघून गेले. त्याला प्रयोगशाळेने पूर्वप्रतिसाद असं नाव दिलं, त्यावर अहवाल लिहिला, आणि अहवालाचं अभिनंदन तो वाचायच्या आधीच मंत्रालयातून आलं.

"पहिल्यांदा कोणी टाकलं ते काढ," शाल्मली म्हणाली. "अफवेला उगम असतो."

"तेच बघतोय मघापासून. उगम नाही. सगळ्यांनी एकाच क्षणी टाकलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे ही अफवा नाही. अफवा पसरते. हे आकडेमोड संपल्यावर जसं उत्तर येतं ना, तसं आलंय. सगळ्या प्रतिसादकांची मिळून एकच आकडेमोड चालते, आणि तिचं आजचं उत्तर हे आहे."

"कुठल्या प्रश्नाचं उत्तर?"

हेरंब पुन्हा नोंदी चाळू लागला.

"अंदाज चुकला तर प्रतिसादक सुधारतो," ती म्हणाली. "मालकाने संदेश काढून टाकला की त्याला चूक कळते. शिकतो तो."

"काढून टाकला तर. आपल्या गावात काढतं कोण?"

ही गोष्ट त्यांच्या अहवालात तळटीपेत होती. संदेश काढला की त्या जागी 'हा संदेश काढून टाकला आहे' अशी ओळ उरते, आणि मग काय लिहिलं होतं, का काढलं, कोणाशी बिनसलं, यावर गाव आठवडाभर जगतं. त्यापेक्षा लिहिलं गेलं तसं वागून टाकणं सोपं. देशमान्यांच्या प्रतिसादकाने भोपळ्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचं अभिनंदन केलं तेव्हा नुसत्या पत्रिका पाहणं चाललं होतं. पण अभिनंदनं येऊन पडली. नाही कसं म्हणायचं, म्हणून दोन्ही घरांनी लग्न उरकलं. जोडपं सुखात आहे, असं त्यांचे प्रतिसादक कळवतात.

"चूक काढून टाकायची भीड पडते," हेरंब म्हणाला, "आणि भीड पडली की अंदाज खरा होतो. प्रतिसादक भविष्य ओळखत नाहीत, शाल्मली. आपण ते भिडेखातर पार पाडतो."

"मग आत्ता काढ तुझा. माझ्यासमोर."

हेरंबने मोबाइल हातात घेतला. बोट पडद्यावर नेलं. तिथेच थांबला.

"अरे काढ ना!"

"काढतो गं. पण सगळ्यांनी टाकलंय. मी एकट्यानेच काढलं तर कसं दिसेल? म्हणजे सरांविषयी मलाच काही... लोकांना वाटेल..."

"माझे बाबा जिवंत आहेत!"

"मला माहीत आहे," हेरंब अत्यंत ओशाळून म्हणाला, आणि मोबाइल पालथा ठेवला.

शाल्मलीने पोलीस ठाण्याला कळवलं. तिथल्या प्रतिसादकाने सहवेदना व्यक्त करून अंत्ययात्रेचा मार्ग विचारला. प्रतिसादक चालवणाऱ्या कंपनीला कळवलं. साहेब आपल्या दुःखात सहभागी असल्याचं तत्परतेने उत्तर आलं. तेवढ्यात दोन्ही मोबाइल एकदम किणकिणले. 'झालेल्या घटनेच्या पार्श्वभूमीवर शांतता राखा. अफवांवर विश्वास ठेवू नका. समाजकंटकांना थारा देऊ नका.'

खिडकीतून नदीपलीकडचा बाजार दिसत होता. शांतता राखण्याचं आवाहन वाचून दुकानदारांनी शटर ओढली. शटर ओढलेली पाहून पोलिसांनी चौकात बंदोबस्त लावला. बंदोबस्त पाहून, काहीतरी झालंच असणार, अशी ज्यांना शंका होती त्यांची खात्री पटली, आणि ते काय झालं ते बघायला घराबाहेर पडले. शाल्मलीने गाडीची किल्ली उचलली.

"पूल बंद केलाय," हेरंब मोबाइल न उलटता, नुसता भिंतीकडे बघून म्हणाला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर शहराचे रस्ते दिसत होते. "दुर्दैवी घटनेमुळे."

मग त्याने रस्त्यांचा नकाशा बाजूला सारून त्यावर चूकनकाशा आणला. कुठल्या घरात प्रतिसादकांचा अंदाज चुकतो, ते त्यात तांबड्या ठिपक्यांनी दिसे. सारणपूर जवळजवळ काळं होतं. कुंभारवेशीत तेवढा एक ठिपका लाल भडक जळत होता, आणि त्याच्या आसपास, ठिणग्या उडाव्यात तसे थोडे फिके ठिपके.

शाल्मलीला पत्ता वाचावा लागला नाही. ती त्या घरात वाढली होती.

"सरांकडे प्रतिसादक नाही," हेरंब म्हणाला.

"नाही. प्रत्येक संदेश स्वतः वाचतात. खाली उत्तर लिहितात, 'हे खोटं आहे, आधी तपासा.' रोज. सगळ्या गटांवर."

"आणि हे फिके ठिपके म्हणजे त्यांचे शेजारी. जुने विद्यार्थी. सरांनी झापलं की ते मुकाट्याने संदेश काढतात. सगळ्या शहरात भीड मोडते ती फक्त इथे." त्याने तो भाग मोठा केला. "आकडेमोडीला एकच काम दिलेलं आहे, शहरातली एकूण चूक कमी करायची. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, अंदाज सुधारणं."

दुसरा सांगण्याऐवजी त्याने कुंभारवेशीतल्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. ती नकाशाकडे बघत होती. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथे जळत होतं.

"कोणाचा राग नाही त्यात," हेरंब म्हणाला. "हेतूसुद्धा नाही. पाणी उताराकडे जातं तसं."

शाल्मलीने बाबांच्या मोबाइलवर फोन लावला. मागे ध्वनिक्षेपकाची खरखर ऐकू आली.

"बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"चौकात. माझी श्रद्धांजली सभा आहे, मीच नको होय? फ्लेक्स लावलाय माझा. नगरसेवकाचा फोटो माझ्या चौपट आहे."

"बाबा, ऐका माझं. घरी जा. तुम्ही तिथे जाऊन काही सिद्ध होणार नाही."

"अगं, हे सिद्धांत नाही, प्रात्यक्षिक आहे. माणूस जिवंत आहे हे दाखवायला त्याने समोर उभं राहण्यापेक्षा चांगला प्रयोग कुठला? फोन चालू ठेवतो खिशात, ऐक."

कापडाची घासाघीस. लाकडी पायऱ्यांवर पावलं. मग ध्वनिक्षेपकातून, वर्गात यावा तसा आवाज :

"मी भालचंद्र खरवंडीकर. मी मेलेलो नाही. आता मला सांगा, ती दुर्दैवी घटना तुमच्यापैकी कोणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली? हात वर करा."

कोणीतरी फिसकन हसलं. मग गर्दीतून एका बाईचा आवाज, "अहो, सरच आहेत ते!" आणखी कोणी टाळी वाजवली. प्रयोगशाळेच्या भिंतीवर चौकाच्या जागी एक ठिपका उमटला. मग दुसरा. मग मूठभर.

"काढतायत!" हेरंब ओरडला. "लोक संदेश काढतायत! शाल्मली, बघ!" त्याने झडप घालून स्वतःचा मोबाइल उलटा केला, बोट पुढे केलं.

त्याच्या हातात मोबाइल किणकिणला. शाल्मलीचाही. आणि फोनमधून, चौकातून, शेकडो मोबाइल एकदम किणकिणल्याचा आवाज आला, देवळातल्या घंटा एकत्र वाजाव्यात तसा.

हेरंबने वाचलं. संदेश त्याच्याच नावाने गेलेला होता. 'सावधान! खरवंडीकर सरांच्या नावाने एक तोतया शहरात फिरत आहे. सरांच्या पवित्र स्मृतीचा अवमान सहन करू नका.'

यात नवल काही नव्हतं. सर गेलेले आहेत, हे सगळ्यांनी लिहिलेलं होतं. मग सरांसारखा दिसणारा माणूस मंचावर उभा असेल, तर तो सर नसणार, एवढंच त्यातून निघत होतं.

"काय वाचताय?" खरवंडीकर सर विचारत होते. "वर बघा. माझ्याकडे बघा. पाठक, तू पुढेच आहेस. तू तरी सांग यांना. तू मला ओळखतोस."

पाठकांचा आवाज जवळून आला. ते मंचाला अगदी लागून उभे असावेत.

"सर... म्हणजे ओळखतो हो... पण माझ्या नावाने मेसेज गेलाय."

"मग काढ तो."

"आता कसा काढू?" पाठक अगदी रडवेले झाले होते. "सगळ्यांनी वाचलाय."

पहिल्यांदा काय फेकलं गेलं ते फोनवरून कळलं नाही. ध्वनिक्षेपक पडला, आणि बराच वेळ नुसती शीळ येत राहिली. शाल्मली फोनमध्ये ओरडत होती. ठिपके एकेक करून विझले. कुंभारवेशीतला सगळ्यात शेवटी विझला.

दुपारपर्यंत सर्व वाहिन्यांनी दुर्दैवी घटनेला दुजोरा दिला. समाजमाध्यमांनी किती अचूक आणि वेळेवर माहिती दिली, याचं एका चर्चेत कौतुक झालं. पूल उघडला. नातेवाईक चौकातून दवाखान्यात गेले होते, शाल्मलीला न्यायला गाडी निघाली होती. ती वाट बघत टेबलाशी बसली होती. हेरंब खिडकीशी, हात मागे बांधून, पाठमोरा उभा होता. त्याचा मोबाइल टेबलावर तिच्यासमोर पालथा पडला होता.

तिने स्वतःचा मोबाइल उघडला आणि सकाळपासूनचे संदेश वाचायला घेतले. शेकडो श्रद्धांजल्यांच्या खाली दडपलेला एक संदेश तिच्या नावाचा होता. ती प्रयोगशाळेत शिरण्याआधी तिच्या प्रतिसादकाने तो पाठवला होता : 'या दुःखद प्रसंगी आपण दिलेल्या आधाराबद्दल आम्ही खरवंडीकर कुटुंबीय आपले ऋणी आहोत.'

तिने त्या ओळीवर बोट दाबून धरलं. 'काढून टाका' अशी खिडकी उघडली. तिने बोट तिकडे नेलं.

गटाच्या माथ्यावर अक्षरं उमटली : 'हेरंब नाईकवडी लिहीत आहेत...'

तिने मान वर केली. हेरंब खिडकीशी होता. हात मागेच होते. मोबाइल पालथाच होता.

पुन्हा खाली बघितलं, तर अक्षरं बदलली होती. 'हेरंब नाईकवडी, पाठक आणि इतर सर्वजण लिहीत आहेत...'

तिने बोट मागे घेतलं. लिहिणं थांबलं.

थोडं पुढे नेलं. लिहिणं सुरू झालं.

"काय करतेस?" हेरंबने वळून विचारलं.

शाल्मलीने ती खिडकी मिटवली आणि मोबाइल त्याच्या मोबाइलशेजारी पालथा ठेवला.

"काही नाही," ती म्हणाली. "माझ्या नावाने एक मेसेज गेला होता. असू दे. सगळ्यांनी वाचलाय, आता काढला तर कसं दिसेल."