फाटकात अडलेली जीप

सन पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत मलकापूरच्या लालासाहेब हवालदारांच्या जीपचा डायनामो गेला. गेला म्हणजे पार कामातून गेला. आतली तार जळून करपट वास सुटला, बॅटरी उतरली आणि गाडी घरासमोरच, फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसली. गाडी लष्कराच्या लिलावातली, चारी चाकांना जोर असलेली. हवालदारांनी फौजेत पंधरा वर्षं असल्याच गाड्या खोलल्या आणि जोडल्या होत्या. आपल्या गाडीला दुसऱ्यानं पाना लावलेला त्यांना खपत नसे. तसं त्यांना फारसं काहीच खपत नसे म्हणा.

बॅटरी चार्ज करायला टाकून ते सांगलीला गेले आणि नाथाजी भंगारवाल्याकडून जुना पण चालता डायनामो घेऊन आले. लिंबाखाली पोतं अंथरलं. पट्टा सैल करून जळका डायनामो उतरवला, आणलेला चढवला, पट्टा ताणून अंगठ्यानं दाबून बघितला. राहिली ती ठिणगी. दुसऱ्या गाडीवरनं उतरवलेल्या डायनामोला सुरू करण्याआधी बॅटरीच्या तारेची ठिणगी दाखवावी लागते, नाहीतर तो जुन्या गाडीच्या सवयीनं उलटी वीज देतो. फौजेतले उस्ताद म्हणायचे, डायनामोला आपलं पहिलं घर आठवत असतं, ते विसरायला लावायचं. हवालदारांनी एक सोडून दोन ठिणग्या दाखवल्या. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि चार्जिंगचा काटा सरळ उजवीकडं गेला.

कराडात एक फेरी मारून ते परत आले. फाटकाच्या फरशीला पुढची चाकं टेकली आणि इंजिन बंद पडलं. आचका नाही, धूर नाही. कुणी चावी फिरवावी तसं गप झालं. मागं घेतली तर सुरू. फरशीला टेकली की बंद. हवालदारांनी पेट्रोल बघितलं, प्लग पुसले, पॉइंट घासले. शेजारच्या कोंडीबाला धक्का मारायला बोलावलं, तर चाकं फरशीवर चढेनात. कोंडीबानं हात झटकले आणि रेड्यागत ताकद लावली तरी हलंना म्हणून तो निघून गेला. त्याला शेतावर काम होतं.

तीन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी हरणाबाई, हवालदारांची बायको, ओट्यावर जोंधळा पाखडत होती. सूप थांबवून तिनं विचारलं, “हितंच का अडती वो?”

हवालदार तिच्यावर खेकसले. खेकसण्याचं कारण दोघांनाही ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक अर्जुना बेळगावच्या ट्रेनिंगमधून दीड महिन्यात पळून आला होता. चार पिढ्या पलटणीत काढलेलं घर, आणि पोरगं पळपुटं निघालं. हवालदारांनी त्याला ह्याच फरशीवर अडवलं. ह्या फाटकाच्या आत पाय टाकायचा न्हाई, म्हणाले. हरणाबाई पाय धुवायला पाणी घेऊन आली होती. ती तांब्या धरून तशीच उभी राहिली. अर्जुना वळला आणि आल्या वाटेनं निघून गेला. दुष्काळात जतकडं कुणा ठेकेदाराच्या जीपवर ड्रायव्हर झालाय, एवढं पुढं कानावर आलं. एक पत्रही आलं. ते हवालदारांनी न फोडता परत पाठवलं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो हा पीळ. त्यानंतर दोन वर्षं काही कळलं नव्हतं, आणि तो आहे की नाही ह्या एकाच काळजीनं हरणाबाई वाळत चालली होती.

चौथ्या दिवशी हवालदारांनी डायनामो उतरवून पोत्यावर ठेवला आणि नुसत्या बॅटरीवर जीप आत नेली. सुरळीत गेली. बाहेर आणली, डायनामो जोडला. फरशीवर बंद. आता डायनामो बिघडला म्हणून काही गाडी जागच्या जागी थांबत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? त्यांनी तो पुन्हा उतरवला, मागची पट्टी काढली आणि आत बघितलं.

आतली एक तार कधीतरी तुटली होती, ती जोडून वरून मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधली होती. गाठ डावी होती.

हवालदार डावखुरे. अर्जुना उजवा. पण दहा वर्षांचा असताना बापाशेजारी बसून बघून-बघून शिकला, म्हणून तोही गाठ डावीच मारायचा. मुलखात अशी गाठ मारणारी दोनच माणसं होती. हवालदारांनी तो दोरा बोटानं चाचपला आणि पट्टी परत लावली.

दुसऱ्या दिवशी ते सांगलीला गेले. तो डायनामो कुठल्या गाडीचा, ह्याची नाथाजीला आठवण होती. जतकडची जीप, दीड वर्षामागं कोरड्या विहिरीत गेलेली. ड्रायव्हर जागीच संपला. तिथल्याच लोकांनी माती दिली.

“घरी कुणी कळीवलं न्हाई?” हवालदारांनी विचारलं.

“कुटं कळवायचं, हवालदार? तितली मानसं सांगत हुती, पोराला कुनी गाव इचारलं की म्हनायचा, मला घर न्हाई.”

हवालदार घरी आले आणि त्यांनी हरणाबाईला सगळं सांगितलं. ती रडली नाही. उठून फाटकाच्या आतल्या अंगाला जाऊन उभी राहिली.

ऊन कलायला लागलं होतं. त्यांनी डायनामो चढवला. ठिणगी दाखवायला तार उचलली आणि तशीच खाली ठेवली. जीप फरशीपर्यंत आणली. बंद पडली. ते खाली उतरले.

“तुमीच आडीवलंय,” हरणाबाई म्हणाली. “तुमीच बलवा.”

आयुष्यात दिलेला शब्द त्यांनी कधी मागं घेतला नव्हता, आणि आता घ्यायचा तर ऐकायला कोण होतं? आपण आपल्या हातानं पोरगं घालवलं, हे त्यांना पहिल्यांदा धडधडीत कळलं.

“ये रं अर्जुना,” ते म्हणाले. “ये घरात.”

इंजिन बंद होतं. अंगण चढाचं होतं.

जीप फरशी ओलांडून सावकाश आत गेली आणि ओट्याजवळ थांबली. हँडब्रेक ओढल्याची करकर ऐकू आली.

हरणाबाई वळली आणि जीपच्या मागोमाग गेली. तिनं हवालदारांकडं बघितलंही नाही.

त्यांनी पाने गोळा केले, पोतं झटकलं, डोळे पुसले आणि आत गेले. घराचं दार लोटलेलं होतं. चुलीपाशी हरणाबाई बोलत होती. मधेच थांबत होती, पुन्हा बोलत होती. हसली. तीन वर्षांत हसली नव्हती.

“अगं,” त्यांनी हाक मारली.

ती दारात आली. त्यांना बघून तिनं पदर सावरून डोक्यावर घेतला आणि एक पाऊल मागं सरली.

“कोन पायजे?”

“अगं, मी.”

तिनं त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. नजरेत राग नव्हता. ओळखही नव्हती.

“मालक न्हाईत घरात,” ती म्हणाली. “पोरगा हाय. हाक मारू का त्याला?”