छत्रीवाल्याचे दोन मार्क

कापूरहोळच्या फाट्यावर टपरीच्या पत्र्याखाली माया अर्धी भिजत उभी होती, आणि शेजारी एक जण छत्री उघडून हसत होता.

"या की छत्रीत."

"नको... आमच्या घरात छत्री चालत न्हाई."

"म्हंजे तुमी सर्जेरावांच्या माया! जज होणार त्या!"

ओळखायला अवघड काही नव्हतंच. ग्रामपंचायतीला मायाच्या बापाच्या पॅनेलचं चिन्ह होतं कपबशी, विरोधकांचं छत्री. निवडणूक होऊन दोन पावसाळे झाले, तरी कपबशीवाले अजून रेनकोटात फिरत आणि छत्रीवाले चहा ग्लासातच पीत. याच्याही हातात ग्लास होता. प्रशिक त्याचं नाव. फाट्यावर स्पेअरपार्टचं दुकान, आणि छत्रीच्या प्रचारात सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. माया तेव्हा पुण्यात वकिली शिकत होती. सुट्टीत आली की लाउडस्पीकरवर तो आवाज ऐकून दात-ओठ खायची. त्या आवाजाचे डोळे इतके हसरे असतील, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"लेखी पास झालात म्हणं. आता मुलाखत?"

"व्हय."

"मग सांगा, छत्रीवाला तुमच्या कोर्टात आला तर?"

"तर कायदा बघीन. माझं मत घरी ठेवीन."

"मत काय चप्पल हाय व्हय, दारात काढून ठेवायला?"

तेवढ्यात भोरची एसटी आली. तो प्रश्न मायासोबत घरापर्यंत आला... आणि ते डोळेही डोक्यातून जाईनात.

रविवारी बुद्ध विहारात वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्मकार्यक्रमांतली वक्तृत्व स्पर्धा होती. परीक्षक माया, आणि विषयही तिनंच दिलेला – न्यायाधीशाला आपलं राजकीय मत बाजूला ठेवता येतं का? प्रशिकनंही नाव दिलं होतं, आणि तो काय बोलेल ते तिला ऐकायचंच होतं. आता खोटं कशाला बोला!

"मत पुसता येत न्हाई," प्रशिक म्हणाला. "पण आपल्या पारड्यात ते बसलंय, हे ज्याला कळतं, तो तराजू जपून धरतो." बोलताना त्यानं एकदाच मायाकडे पाहिलं. ती लगेच मान खाली घालून पेनाचं टोपण शोधू लागली. टोपण तिच्याच हातात होतं.

निकाल लागला. पहिला आकाश, कपबशीवाल्यांचा. दुसरा प्रशिक. पहिलं बक्षीस कपबशांचा सेट आणि दुसरं छत्री, त्यामुळे विहारात हशा पिकला. सर्जेरावांची छाती फुगली. प्रशिकनं छत्री घेतली, हात जोडले. "निकाल मान्य, जजबाई." त्यात टोमणा नव्हता, आणि तेच मायाच्या जिव्हारी लागलं.

तो पायरी उतरत असताना तिनं त्याला गाठलं.

"थांबा. पैले तुमीच व्हता. म्या दोन मार्क कापले."

"छत्रीवाला म्हणून?"

"न्हाई... ते बाजूला ठेवलं व्हतं. तुमी आवडता म्हणून. वाटलं, झुकतं माप पडंल... म्हणून उलटे कापले."

आत जाऊन हे सांगायचं म्हणजे बापाची मान खाली, आणि जज होणाऱ्या पोरीला साधी स्पर्धा जमली नाही म्हणून गावभर चर्चा. पण न सांगता मुलाखतीला कुठल्या तोंडानं बसायचं? माया वळली, तडक आत गेली आणि माईक हातात घेतला.

"जय भीम. निकाल चुकला. पैला नंबर प्रशिकचा."

"चुकला कसा गं?" सर्जेराव उभे राहिले.

"आबा, मत बाजूला ठेवलं... मन ठेवता आलं न्हाई."

मागच्या बायकांतली फुलाबाई म्हणाली, "अगं बया!" आणि बायका खुदखुदू लागल्या.

आकाशनं खुशाल बक्षीस बदललं. "घ्या राव. रेनकोटाला मी लई कटाळलोय!"

प्रशिक कपबशांचा सेट छातीशी धरून सर्जेरावांपुढं उभा राहिला. "आबा... च्या प्यायला येऊ का? कपात पितो."

सर्जेरावांनी एकदा कपांकडे पाहिलं, एकदा दाराकडे. बाहेर धो धो पाऊस लागला होता. शेवटी त्यांनी आकाशच्या हातातली छत्री ओढून घेतली, खटपट करून उघडली आणि माया-प्रशिक दोघांच्या डोक्यावर धरली.

"चला," ते गुरगुरले, "कप भिजत्याल."